चाकांचे कान

फुलं आणायला मला पाठवलं, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकायला पाहिजे होती.

खंडेनवमीची सकाळ होती. मी मामांच्या गॅरेजमध्ये लाल गाडीच्या पुढच्या चाकापाशी उकिडवा बसून रिम पुसत होतो. शेजारी माझी कापडी पिशवी, आणि तिच्यात चार कान.

“परल्हाद, झेंडू कमी पडतोय,” मामा आतून म्हणाले. “कपिलतीर्थावरनं माळा घेऊन ये जा.”

“कान बसवतो आणि जातो की, मामा.”

“कान काय पळून जात न्हाईत. मुहूर्त जाईल. जा बघू.”

गेलो. जाणारच. लग्न झाल्यापासून मी त्या माणसाचं ‘जा बघू’ ऐकून जातच आलो होतो.

मामा म्हणजे माझे सासरे, गणपतराव सरनाईक. आमच्याकडं सासऱ्याला मामा आणि सासूला मामीच म्हणतात. कोल्हापुरात उद्यमनगरात त्यांचं जीपगाड्यांचं गॅरेज. तरुणपणी त्यांनी रंकाळ्यावर कुणा बड्या पाहुण्याची परदेशी स्पोर्ट्स कार बघितली होती. लाल, बिनटपाची, दोनच सीटांची. बघितली एकदाच, पण डोक्यात घर करून बसली. थोरली लेक, म्हणजे माझी वैजू, उजवून मोकळे झाल्यावर त्यांनी तसलीच गाडी स्वतः बनवायला घेतली. जीपची चासी कापली, कुठलं तरी जुनं इंजिन बसवलं, पत्रा ठोकून ठोकून गाडीचं अंग तयार केलं. आणि दर रविवारी त्या गाडीखाली त्यांच्या शेजारी उताणा पडलेला इसम म्हणजे मी. वैजूला सिनेमा कबूल करायचो आणि रविवार उजाडला की गॅरेजात असायचो. असे नऊ वर्षांचे रविवार त्या गाडीनं खाल्ले.

आता कान म्हणजे काय, ते सांगतो. मूळ गाडीच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध एक मोठा चकचकीत नट असतो आणि त्याला दोन बाजूंना दोन कान. त्या कानांवर हातोडा मारून चाक घट्ट करायचं, हातोडा मारूनच सोडवायचं. इंग्रजीत त्याला स्पिनर म्हणतात, आम्ही सगळ्या नटालाच कान म्हणायचो. आमच्या गाडीचं चाक जीपचंच, साध्या पाच नटांवर बसणारं, त्यामुळं आमचे कान नुसते शोभेचे, चाकाच्या मधल्या आट्यांवर पिळून बसवायचे. पण मामांचं म्हणणं, कानाशिवाय ती गाडी भुंडी दिसते.

ते कान मी केले. माझा स्वतःचा लेथ आहे. लाकडाचा नमुना मी कोरला, शेजारच्या फौंड्रीतनं पितळेत ओतून घेतले, आटे पाडले, घासले, वरनं निकेल चढवून आणलं. एकाला ओतताना बारीक खड्डा पडला होता, तो परत ओतायला लावला, फौंड्रीवाल्याच्या शिव्या खाल्ल्या. वैजू म्हणाली, माझा एखादा दागिना तरी कधी एवढा घासलाय का तुम्ही. नव्हता घासला, खरं आहे.

दसऱ्याला गाडी पहिल्यांदा रस्त्यावर काढायची ठरली होती. चालवणार मामा. शेजारी सीट एकच. ती कुणाची, हे कुणी बोललं नव्हतं, पण त्यात बोलायचं काय होतं? ती सीट माझी होती.

तर कपिलतीर्थाच्या मंडईतनं झेंडू घेऊन परत आलो, आणि बघतो तर गाडीच्या चारी चाकांवर कान बसलेले. माझे नव्हेत.

पुढच्या चाकापाशी, मी जिथं बसलो होतो तिथंच, पांढरा झब्बा घालून माझा साडू बसला होता. ऋतुराज इंगवले. धाकट्या शुभांगीचा नवरा, पुण्याला गाड्यांच्या कंपनीत इंजिनियर. लग्न उन्हाळ्यात झालेलं, म्हणजे सासरचा हा पहिलाच दसरा.

“दादा, बघा की कसे दिसतात,” तो म्हणाला. “कंपनीनं जर्मनीला पाठवलं होतं, तेव्हा मुद्दाम शोधून आणले. अशा हातानं बनवलेल्या गाड्यांसाठीच मिळतात तिकडं. मामांना सरप्राइज.”

शेजारी उघडी पेटी पडली होती. आत निळी मखमल आणि कानांच्या आकाराचे चार खळगे. माझे कापडी पिशवीत होते, वैजूच्या जुन्या ब्लाउजच्या कापडाची पिशवी.

वाईट दिसत होते म्हणावं, तर तेही नाही. तेच तर दुखत होतं. इतके गुळगुळीत होते की मला त्यात माझं तोंड दिसलं, आणि ते तोंड त्या वेळी बघण्यासारखं नव्हतं.

“माझे कुठायत?” मी विचारलं.

“ते काय, पूजेत,” मामी म्हणाल्या.

गाडीसमोर लाल कापडावर गॅरेजमधली सगळी हत्यारं मांडली होती. पाने, पकडी, जॅक, ऐरण, ग्रीसची गन. सगळ्यांना हळदकुंकू लागलेलं. आणि शिशाचा हातोडा आणि पान्यांचा जुडगा यांच्या मधल्या जागेत माझे चार कान. भंगारात टाकले नाहीत, देवापुढं टाकले, एवढाच काय तो उपकार.

“मामा,” मी आवाज शक्य तेवढा साधा ठेवत म्हणालो, “आपले बसवू या की. हे नंतर कधी तरी लावू.”

“पूजा झाली रं, मुहूर्त थांबत न्हाई. आता त्यातल्या कशाला हात लावायचा न्हाई. उद्या सोनं लुटून आल्यावर.”

“ती काय हत्यारं आहेत होय?”

“पूजेत बसली म्हंजे हत्यारंच. माळा आण इकडं, का हातात धरून वाळवणारैस?” आणि मान वळवून, आवाज तुपात बुडवून, “जावईबापू, तुम्ही च्या घेतला न्हवं?”

जावईबापू. मलाही म्हणायचे, सुरुवातीला. पुढं गाडीखालनं ‘जावईबापू, जरा तो पाना द्या’ असं म्हणणं त्यांना लांब पडायला लागलं आणि मी परल्हाद झालो. मग ‘ए परल्हाद’. मग घाईच्या वेळी नुसतं ‘ए’. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नव्हतं. जावईबापू दुसऱ्या कुणाला म्हणताना ऐकलं, तेव्हा वाटलं.

जेवायला बसलो तर तीच तऱ्हा. ऋतुराजच्या पाटाभोवती रांगोळी. मामी त्याच्या पोळीवर तूप वाढतायत, तो नको नको म्हणतोय, त्या आणखी वाढतायत. माझ्याकडं बघून म्हणाल्या, “परल्हाद, तुपाचं भांडं तुझ्या मागंच आहे बघ. घे तुझं तू.”

घेतलं. रागानं इतकं घेतलं की पोळी पोहायला लागली.

घरी जाताना स्कूटरवर मागनं वैजू म्हणाली, “जळताय तुम्ही.”

“मी? कशाला जळू?”

“मग मघापासनं गिअर का असा हाणताय?”

“त्यानं पेटीतनं आणले म्हणून ते कान. मी घासून घासून बोटं सोलली ते नव्हेत.”

“आई म्हणत होती, पहिला सण आहे त्यांचा.”

“माझा पहिला सण आला तेव्हा मला कुणी सीट दिली होती?”

“तेव्हा गाडीच नव्हती,” वैजू म्हणाली. मी आणखी एक गिअर हाणला.

पण एका गोष्टीवर माझी सगळी भिस्त होती. कान नुसता हातानं पिळून भागत नाही. शेवटी शिशाच्या हातोड्यानं दोन ठोके द्यावे लागतात, तेव्हा तो जागेवर बसतो. आणि हातोडा पूजेत होता. म्हणजे ऋतुराजचे कान नुसत्या मनगटाच्या जोरावर बसले होते, आणि ते मनगट मी बघितलं होतं.

दसऱ्याला दुपारी मी नवा शर्ट घातला, बदामी रंगाचा. वैजूनं कडक इस्त्री केली होती. गॅरेजपाशी सगळी आळी जमलेली. गाडीला हार घातला, नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली. मामा फेटा बांधून ड्रायव्हरच्या जागेवर बसले आणि शेजारचं दार आतून उघडलं.

मी एक पाऊल पुढं टाकलं होतं.

“जावईबापू, या, बसा,” मामा म्हणाले.

ते पाऊल मी बूट झटकल्यासारखं करून मागं घेतलं. ऋतुराजनं माझ्याकडं बघितलं. “दादा बसू देत की, मामा. मी मागनं येतो.”

“असं कसं? पहिला सण तुमचा. तो येतोय मागनं.” मग माझ्याकडं न बघताच, “ए, मागनं ये.”

वर हा शहाणा मला सीट दान करायला निघाला होता. त्याचा मला जास्त राग आला. तो सरळ मिजास करत बसला असता, तर मला निदान मनापासून शिव्या तरी देता आल्या असत्या.

मी मागनं निघालो. स्कूटरवर मागं वैजू. पुढं लाल गाडी, लोक दुकानांतनं बाहेर येऊन बघतायत, पोरं शिट्ट्या मारतायत, मामा एका हातानं फेटा सावरत दुसऱ्या हातानं चालवतायत, आणि शेजारी तो. चारी चाकांवर कान गरगरत होते आणि उन्हात लखलखत होते. मी रस्ता बघतच नव्हतो, नुसते ते कान बघत होतो. अंबाबाईकडं मी कधी स्वतःसाठी काही मागत नाही. त्या दिवशी मागितलं. एक कान पडू दे. मागच्या चाकाचा पडला तरी चालेल.

पडला नाही. खड्डा आला, गाडी दणकली, पडला नाही. आईसाहेबांना त्या दिवशी दुसरी कामं असणार.

दसरा चौकाच्या अलीकडं, ऐन गर्दीत, गाडीनं मान टाकली. इंजिन चालू, पण मामा पाय दाबतायत आणि गाडी जागची हलत नाही. मागं बस, पुढं माणसं, हॉर्नचा कालवा. मामांनी मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. समोर बघत बघतच हाक मारली, “ए परल्हाद.”

मी पोचलोच होतो. स्कूटर वैजूच्या हातात दिली आणि बॉनेट उघडलं. बघितलं तर ॲक्सिलरेटरच्या दांडीतली पीन पडलेली. दांडी सुटून खाली लोंबत होती.

“मामा, पक्कड द्या.”

“पूजेत.”

“स्क्रू-ड्रायव्हर?”

“पूजेत.”

“तारेचा तुकडा तरी?”

मामांनी फेट्याखालनं माझ्याकडं असं बघितलं की मी पुढचं विचारलं नाही. उद्यमनगरातला जुना मिस्त्री, स्वतः बनवलेली गाडी पहिल्यांदा रस्त्यावर काढतो, आणि गाडीत औषधाला एक पाना नाही. सगळी हत्यारं घरात हळदकुंकू लावून बसलेली. गर्दीतनं कोणी तरी ओरडलं, “मामा, बैल आणू काय?” आणि सगळे खो खो हसले.

मी वैजूकडं गेलो. तिनं खांद्यावरच्या पदराची पीन काढून दिली. मी गाडीपुढं गुडघे टेकले आणि दोन्ही हात खांद्यापर्यंत आत घातले.

“पीन कुणी टाकलेली रं?” वरनं मामा.

“मी.”

“टोकं वाकवली हुतीस?”

मी दांडी चाचपत राहिलो.

“टोकं न वाकवता पीन टाकलीस. इतकी वर्सं काय गाढवाला शिकवत हुतो मी?”

चौकात. सणाच्या दिवशी. बायकोसमोर, साडूसमोर, अर्ध्या कोल्हापुरासमोर. मी खाली मान घालून पीन घुसवत होतो आणि माझे कान, म्हणजे माझ्या डोक्याचे, तापून लाल झाले होते.

ऋतुराज दार उघडून खाली उतरला. “मामा, मी दांडी धरतो ना. दादांना एकट्याला जमायचं नाही.”

“छे छे, तुम्ही बसा, जावईबापू. झब्बा खराब हुईल.”

झब्बा खराब हुईल. माझ्या बदामी शर्टाच्या बाहीवर तोवर काळ्या ऑइलचा हातभर पट्टा उठला होता, पोटावर ग्रीसचा गोळा बसला होता, त्याचं कुणालाच सोयरसुतक नव्हतं. ऋतुराज परत सीटवर जाऊन बसला. दोन्ही हात मांडीवर ठेवून, ताठ, समोर बघत. मी खालनं बघितलं आणि मनात म्हटलं, बघा, कसा सरदारासारखा बसलाय.

गाडी चालू झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामांना.

संध्याकाळी सोनं लुटून घरी आलो. ऋतुराज मामांच्या पाया पडला, मामांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, खांद्यावर शर्टपीस घातलं, “सुखी ऱ्हावा,” म्हणाले. मग मी पाया पडलो. माझ्या हातावर आपट्याची पानं ठेवून म्हणाले, “उद्या लौकर ये. ती पीन नीट घालू.”

मी पानं खिशात कोंबली आणि सरळ लाल कापडापाशी गेलो. “माझे कान नेतो मी, मामा.”

“कुठं?”

“घरी. इथं त्यांचं काय काम आहे? गाडीला दुसरे लागलेत.”

“पूजेतलं हाय ते. ते कुठं जात नसतंय.” त्यांनी खाली बसून चारी कान फडक्यात गुंडाळले, पान्यांच्या कपाटात ठेवले आणि कपाट लावलं. “दर खंडेनवमीला काढायचं, मांडायचं, परत ठेवायचं. तुझं तू करायचंस.”

म्हणजे बघा. वर्षभर कपाटात, एक दिवस बाहेर. आणि त्याचे बारा महिने गाडीवर. लग्नाच्या वराती असोत, गणपती असो, जुन्या गाड्यांचं प्रदर्शन असो, लोक त्या कानांवरनं हात फिरवायचे, मामा सांगायचे, “आमच्या धाकट्या जावयानं आणलेत, जर्मनीचे.” मी शेजारी फडकं घेऊन उभा. ते कान पुसायचं कामही माझ्याकडंच आलं होतं. किती वर्षं ते कुसळ माझ्या डोळ्यात राहिलं, मोजलं नाही.

मागच्या श्रावणात मामा गेले.

खंडेनवमी आली तशा मामी मला म्हणाल्या, “परल्हाद, पूजा तूच मांड आता. किल्ली घे.” मी सकाळी गॅरेज उघडलं, लाल कापड अंथरलं, हत्यारं पुसून एकेक मांडायला लागलो. कपाटातनं फडकं काढलं. निकेल जागोजागी उडून आतलं पितळ दिसायला लागलंय. मी ते शिशाच्या हातोड्याशेजारी ठेवले, त्यांच्या जागेवर.

ऋतुराज पुण्याहून आदल्या दिवशीच आला होता. आता त्याचेही केस विरळ झालेत. तो लाल गाडीपाशी बराच वेळ खाली बसून काहीतरी करत होता. मला वाटलं, पुसतोय. मग उठून आला तर त्याच्या हातात रुमाल, आणि रुमालात त्याचे चार कान.

“दादा, हे इथं ठेवले तर चालतील का?”

“कशाला काढलेत? गाडीवर शोभतात की. मामा सगळ्यांना दाखवायचे.”

“दाखवायचे,” तो म्हणाला. “मी एकदा पुण्यावरनं एक पाना घेऊन आलो होतो, मामांना म्हटलं, माझं पण काहीतरी ठेवा पूजेत. तर म्हणाले, छे छे, जावईबापू, इथं घरातली हत्यारं असतात, तुमचं कशाला? तुम्ही आपले बसा.”

मी हळदीची वाटी खाली ठेवली.

“दरवेळी बसा,” तो म्हणाला. “चौकात गाडी बंद पडली, आठवतंय? त्यांनी मागं वळून पण बघितलं नाही. नुसती हाक मारली, आणि तुम्ही तिथं होता. मग तुम्हाला शिव्या घालत होते, तुम्ही गाडीत हात घालून, आणि मी असा झब्बा सांभाळत सीटवर. इतका जळलो मी त्या दिवशी तुमच्यावर, दादा. मला वाटायचं, या माणसानं एकदा तरी मला ‘ए’ म्हणावं. नाही म्हणाले. दवाखान्यात शेवटचं भेटलो, तेव्हा पण म्हणाले, जावईबापू, उभं का, बसा.”

खाली लाल कापडावर माझे चार टवके उडालेले कान होते, आणि मी त्यांच्याकडं जन्मात पहिल्यांदा बघितल्यासारखं बघत होतो. कपाट लावताना मामांचा तो आवाज आठवला. तुझं तू करायचंस.

ऋतुराज रुमाल धरून उभाच होता.

“आण इकडं,” मी म्हणालो. इतक्या वर्षांत मी त्याला कधी अरे-तुरे केलं नव्हतं. “आणि असा उभा काय राहिलास खांबासारखा? झेंडू कमी पडतोय. कपिलतीर्थावरनं माळा घेऊन ये जा.”

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग डोळे पुसले, पायांत चपला सरकवल्या आणि माझ्या स्कूटरची किल्ली न विचारता उचलून गेला.

मी त्याचे चार कान लाल कापडावर ठेवले, एकेकाला हळदकुंकू लावलं. माझ्या चारांच्या मागं. पुढं नाही.